पाठकोरा कागद

सोमवार, सकाळ

प्रिय मिस्त्री,

चर्च उघडलं. काल रविवारी, सकाळी नऊ वाजता, एक वर्ष अकरा महिन्यांनी. तुझे बावीसच्या बावीस बाक जागेवर आहेत, तुझं दार जागेवर आहे, फक्त तू नव्हतास. तू लेकीकडे सुखात आहेस, नातवंडं तुझ्या पाठीवर बसून घोडा घोडा करतात, हे मला फोनवर कळतं. पण फोनवर तुझं बोलणं म्हणजे हं, बरं आणि ठेवतो. म्हणून आपलं पत्रच बरं.

कागद हातात घेताच तुझ्या लक्षात आलं असेल की या वेळी मी एकाच बाजूला लिहिलंय. छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, पण एक पाठकोरा कागद टोपलीत जाऊ दिला नाही, हे तुला माहीत आहे. तुला माझी पत्रं कायम पाठपोट आली, वर समासातही लिहिलेली, आणि शेवटची ओळ वाचायला कागद गोल फिरवावा लागतो म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडायचास. तर या वेळी असं का, ते शेवटी सांगतो. आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, ती त्या दिवसाबद्दल आहे, वहिनींना आपण चर्चच्या दारापर्यंत आणलं त्या दिवसाबद्दल. ती वाचल्यावर तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी मला भीती वाटते, आणि टाकलंस तर मी तुला बोल लावणार नाही. पण आधी कालचं ऐकून घे. त्यातलं निम्मं तुझंच आहे, आणि माझ्या पापाने ते तुला ऐकायचं राहू नये.

सुरुवात मावशींपासून केली पाहिजे. साथीमुळे आपण सगळे दोन वर्षं घरात बसलो, पण त्या चर्चच्या मागच्या खोलीतून हलल्या नाहीत. दर रविवारी नऊला घंटा वाजवायच्या. मी एकदा फोन करून म्हटलं, मावशी, कोणी येणार नाही, कशाला हात दुखवून घेता. तर म्हणाल्या, घंटेला कुठे माहीत आहे दार बंद आहे ते. मीच तेवढा नियमांचा पुस्तकी किडा, तू उगाच नाही माझं नाव नियमावली ठेवलंस.

पण खरी कमाल वेगळीच. परवा शनिवारी आम्ही चारपाच जण साफसफाईला गेलो. मला वाटलं होतं बाकांची लाकडं वाळून तडकली असतील, कुठे वाळवी लागली असेल. एका बाकावर बसून पाहिलं, दुसऱ्यावर बसलो, तिसऱ्यावर बसलो, एकही कुरकुरला नाही. मावशींना विचारलं तर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या की मिस्त्रींनी कधीतरी सांगितलं होतं, लाकूड वापरलं नाही की रुसतं. म्हणून ही बाई दर शनिवारी मागच्या दाराने आत यायची, बाक पुसायची, आणि मग पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत प्रत्येक बाकावर जरा वेळ बसून उठायची. गुडघे दुखतात तरी. तू हे त्यांना कधी सांगितलंस, तुला तरी आठवतंय का? तू बोलता बोलता टाकलेला शब्द त्यांनी दोन वर्षं पाळला. मी त्यांच्यापुढे हात जोडले, तर त्या म्हणाल्या, जोडलेले हात सोडा आणि ही बादली धरा.

त्या बाकांकडे मी परवा नव्याने पाहिलं. पुढच्या बाकाच्या पाठीचा काठ तू गोल केला आहेस, उभं राहताना म्हातारी माणसं तिथे हात टेकतात म्हणून. हे तू कोणाला सांगितलं नव्हतंस, कोणी विचारलंही नव्हतं. पाचव्या बाकावर दात येणाऱ्या पोरांच्या दातांच्या खुणा आहेत, त्यातली एक तुझ्या लेकीची. आम्ही तिथे पॉलिश मारू दिलं नाही.

मग काल सकाळी पुढचं मोठं दार अडलं. मी किल्ली फिरवली, कुलूप निघालं, पण दार पावसात फुगलेलं, तसूभर हलेना. समितीतल्या सगळ्यांनी खांदे लावले. जितके खांदे तितके सल्ले. बाहेर माणसं तोंडावर मास्क लावून रांगेत उभी, आणि आम्ही आपले दाराशी कुस्ती खेळतोय. शेवटी मावशी घंटेची दोरी सोडून आल्या, सगळ्यांना बाजूला सारलं, कडी धरून दार वर उचललं आणि कमरेने एक धक्का दिला. उघडलं. मागे वळून एवढंच म्हणाल्या, मिस्त्री असंच करायचे. सगळे हसले, मलाही हसावं लागलं. त्या दारासमोर मला हसू येत नव्हतं, पण ते पुढे.

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली आणि आमेनसाठी थांबले. तर चर्चभर शुकशुकाट. साठ माणसं बसलेली आणि एक आवाज नाही. पाळकसाहेब गोंधळले, मीही गोंधळलो. मग लक्षात आलं, मिस्त्री, सगळ्यांचे ओठ हलत होते. दोन वर्षं फोनवरच्या उपासनेत दर रविवारी आपल्याला बजावलं गेलं, मंडळी, आपापला आवाज बंद ठेवा. तर मंडळी तोंडाने नुसतंच आमेन म्हणत होती. तिसऱ्या बाकावरच्या शाळेच्या बाई, त्या तर गीतपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर अंगठा दाबत होत्या, फोनवर दाबतात तसा. पाळकसाहेबांना हसू आवरेना. म्हणाले, मंडळी, आता आवाज चालू करा. मग जे हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग जो आमेन आला, तो तू ऐकायला हवा होतास.

मग गीत. पेटीवाल्याने सुरुवातीचे सूर वाजवले आणि थांबला, आणि परत सगळं गप्प. पण या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाकडे वळल्या होत्या. चाळीस वर्षं पहिला शब्द तिथून आला, मिस्त्री. वहिनी पुस्तक न उघडता उभ्या राहायच्या, पहिला शब्द टाकायच्या, आणि आम्ही बाकीचे त्या शब्दाला धरून चालू लागायचो. फोनवरच्या उपासनेतसुद्धा सगळ्यांचे आवाज बंद आणि एकट्या वहिनींचा चालू. तुमच्या स्वयंपाकघरातून गायच्या, मागे कधी कुकरची शिट्टी व्हायची, आणि शिट्टी संपेपर्यंत त्या ओळ धरून ठेवायच्या. मी पट्टीचा बेसूर, पण घरी एकटा असताना त्यांच्या आवाजामागे मीही गात असे. त्या गेल्यावर पाळकसाहेब फोनवर नुसती ध्वनिफीत लावत.

काल त्या गप्प चर्चमध्ये पहिला शब्द कोणी टाकला असेल? मावशींनी. सुराशी त्यांचं किती वैर आहे ते तुला सांगायला नको. दारातूनच, घंटेच्या दोरीला हात ठेवून त्यांनी इतकी वरची पट्टी धरली की पेटीवाला हात वर करून बसला. पण त्या थांबल्या नाहीत. पहिली अख्खी ओळ एकट्या गायल्या. मग एकेक करून सगळे उठले. आणि त्यातही गंमत, सगळी मंडळी अर्धी मात्रा मागे. फोनवर आवाज उशिरा पोचायचा ना, त्याची सवय जडलेली. पाळकसाहेब पुढे, मंडळी मागे, मावशी तिसरीकडेच. तिसऱ्या कडव्यापर्यंत कसेबसे एकत्र आलो. वहिनी असत्या तर मावशींना थांबवलं नसतं, त्यांचाच सूर उचलून हळूच खाली आणला असता. कोणाला कळू न देता चूक सुधारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी जन्मभर चुका सुधारल्या, पण लाल शाईने, सगळ्यांना दिसतील अशा.

गीत संपल्यावर सेक्रेटरी म्हणून सूचना वाचायला मी उभा राहिलो. दोन ओळी वाचल्या आणि आवाज बसला. मंडळींना वाटलं, आनंदाने कंठ दाटला. कोणीतरी पाणी आणून दिलं, शाळेच्या बाईंनी तर नंतर कौतुकही केलं. मिस्त्री, मी आनंदाने रडत नव्हतो. माझ्या वरच्या खिशात एक कागद होता, आणि आता त्याबद्दलच सांगतो.

त्या दिवशी आपण सात जण होतो. तू, तुझी लेक, जावई, मावशी, मी आणि गाडीवरचे दोघे. वहिनी साथीत गेल्या नव्हत्या, झोपेत हृदय थांबलं होतं, त्यामुळे त्यांना न्यायला कोणाची आडकाठी नव्हती. पाळकसाहेब स्वतः दवाखान्यात, म्हणून काय ते मी ठरवायचं होतं. शवपेटी तू रात्रभर बसून केली होतीस, तिच्या काठालाही गोलाई होती. गाडी चर्चसमोर थांबवून तू मला एवढंच म्हणालास, पाच मिनिटं आत नेऊ दे, तिच्या जागेपाशी, एक कडवं म्हणू आणि जाऊ. किल्ली माझ्या खिशात होती. मी फाटकावरच्या काच लावलेल्या सूचनाफळ्याकडे बोट केलं. म्हटलं, मिस्त्री, चर्चच्या मुख्य कचेरीची नोटीस आहे, पुढील आदेशापर्यंत बंद, मी काय करू. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, तू वाचलंयस ना, मग तसंच असणार, तुझ्या वाचण्यात चूक होत नाही. मग तू त्या दारावरून, स्वतः केलेल्या दारावरून, एकदा हात फिरवलास आणि गाडीत जाऊन बसलास. नंतरही कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं की तू म्हणायचास, त्याचा काय दोष, नियमच तसा होता. हे मला तुझ्या जावयाने सांगितलं.

परवा साफसफाईत मावशी फळ्यावरचे जुने कागद काढत होत्या. मीच त्यांना शिकवून ठेवलंय, पाठकोरे कागद टाकायचे नाहीत, सामानाच्या यादीला होतात. म्हणून त्या प्रत्येक कागद उलटा करून बघत होत्या. एक कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, हा काही कोरा नाही, याच्या पाठीवरपण छापलंय. ती तीच नोटीस होती. पुढच्या बाजूचं वाक्य पूर्ण होतं, पूर्णविराम होता, म्हणून मला वाटलं संपलं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कृ. मा. प. छापलं होतं, कृपया मागे पहा. ती तीन अक्षरं मी आयुष्यात हजार वेळा तपासली असतील. नेमकी तिथेच मी टाचणी टोचली होती. मागे लिहिलं होतं, मंडळीतल्या कोणाचा मृत्यू झाल्यास दहा माणसांना दारं-खिडक्या उघडी ठेवून अर्धा तास आत थांबता येईल. आपण सात होतो, मिस्त्री. तू पाच मिनिटं मागितली होतीस.

मावशींना मी तो मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मिस्त्रींना तुम्हीच कळवा, मी नाही सांगणार कोणाला. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर तुला कधीच कळलं नसतं. परवा संध्याकाळी तसा विचारही मनात आला, खोटं कशाला बोलू. दोष नियमाचा म्हणून तू मला सांभाळून घेतलंस. दोष नियमाचा नव्हता. दार बंद ठेवलं ते मी, नीट न वाचता. ही चूक पदरात घे असं म्हणायचं तोंड मला नाही, कारण जे गेलं ते तुझं आणि वहिनींचं गेलं, आणि ते मला परत आणता येत नाही. नोटीस सोबत ठेवली आहे. दोन्ही बाजू स्वतः वाच, या वेळी माझ्या वाचण्यावर विसंबू नकोस. दाराची किल्लीही ठेवली आहे. मावशींकडे दुसरी आहे, ही तुझ्याकडे राहू दे. तुला वाटेल त्या दिवशी, वाटेल त्या वेळी ये, कोणाला विचारू नकोस, पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाशी बस, तुमचं राहिलेलं कडवं म्हण. मी तिथे नसावं असं वाटलं तर तसं सांग, मी फाटकापाशीही येणार नाही. आणि या पत्राच्या सगळ्या पानांच्या मागच्या बाजू मी कोऱ्या ठेवल्या आहेत, त्या तुझ्यासाठी. काहीही लिही, शिव्या लिही, एकच शब्द लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरेच परत पाठव, पण पाठव. आलेला प्रत्येक कागद मी उलटून पाहीन.

तुझाच, अजून तसं म्हणू देत असशील तर,
नियमावली