गाडी मी स्वतः तपासली आहे

१२ जानेवारी, रविवार
निवृत्तीनंतर दुसरा रविवार. सहकारी संस्थांचं ऑडिट करण्यात आयुष्य गेलं. यज्ञेश्वर साहेब येणार म्हटलं की वणी तालुक्यातल्या सेक्रेटरी लोकांना ताप भरायचा. ही नजर आता घरात बसून वाया घालवायची नाही.

निर्णय: स्पोर्ट्स कार घ्यायची. सेकंडहँड. नवीन गाडी कोणीही घेतं, त्याला अक्कल लागत नाही. जुनी पारखायला माणूस लागतो.

सुनीतीला सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे गाडी आहे ना. आहे. पांढरी, पाच सीटची, भाजीच्या डब्यासारखी. ती सुनीतीच चालवते, कारण माझी कंबर. दर गुरुवारी पांढरकवड्याला आईकडे जाऊन येते. सासूबाई तिथे एकट्या असतात. मी म्हटलं, ते वाहन आहे, गाडी वेगळी. ती पोळ्या लाटायला निघून गेली. म्हणजे विरोध नाही.

१६ जानेवारी
जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी काय तपासावं, यावरचे व्हिडिओ दिवसभर पाहिले. इंजिन थंड असताना सुरू करून बघणे. बॉडीला चुंबक लावून बघणे. टायरची तारीख. खाली तेल गळतंय का. लांबवर चालवून बघणे. सगळं पाठ.

अनघाचा पुण्याहून फोन. म्हणे, बाबा, सोबत मेकॅनिक न्या. मी म्हटलं, मेकॅनिकचं बिल तपासायला ऑडिटर लागतो, ऑडिटरला मेकॅनिक लागत नाही. मग फोन कट झाला. पुण्यात रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

१९ जानेवारी, रविवार
फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर गाडी पाहिली. सुनीती घेऊन गेली.

लाल! दोन दारं, दोन सीट. मालक पूनमसिंग. शेतकरी माणूस, माझ्याच वयाचा. गाडी त्याच्या जीवन नावाच्या मुलाची. जीवनने हैदराबादेत हौसेने घेतली, मग दुसरीकडे नोकरी लागली आणि गाडी इथे ठेवून तो निघून गेला. कापूस ठेवायच्या खोलीत उभी. दार उघडलं तर आतून कोंबडी निघाली. म्हणजे आत हवा खेळती आहे.

इन्स्पेक्शन शिस्तीत केलं. इंजिन एकदम थंड होतं. इतकं थंड की सुरूच झालं नाही. पण थंड असणं हाच मुख्य मुद्दा, तो पास. चुंबक न्यायला विसरलो नव्हतो, फ्रिजवरचा गणपती काढून नेला होता. तो कुठेच चिकटला नाही. लोखंडच नाही तर गंज कशाला चढेल? फुल मार्क्स. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढल्यावर इंजिन सुरू झालं. आवाज दमदार. चिंचेच्या झाडापर्यंत चालवून बघितली. झाड बरंच लांब आहे.

टायरवर चार आकडे होते. सुनीती म्हणाली, शेवटचे दोन म्हणजे साल, टायर सात वर्षांचे आहेत. तिने माझ्या पाठीमागे उभं राहून अर्धाच व्हिडिओ पाहिला होता. अर्धवट ज्ञान वाईट.

पूनमसिंग फार मुरलेला गडी निघाला. सारखा म्हणत होता, “साहेब, नका घेऊ. तुमाले खोटं कायले सांगू? मी फसलो हिच्यात. तुमी काहून फसून राह्यले?” विकायची ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली. गिऱ्हाईक उलट चेकाळतं. मी ओळखलं आणि लगेच किंमत पाडली. तो हो म्हणाला. मग आपणहून आणखी कमी केली. माझ्या नजरेला घाबरला असावा.

त्याची बायको नंदाबाई सुनीतीला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होती. परतताना सुनीतीने सांगितलं, की त्या म्हणाल्या, बाई, तुमच्या साहेबाले समजवा, ही गाडी पोट्ट्याले घेऊन कितीकदा रस्त्यात बसली. नवरा-बायको दोघंही एकाच लाइनवर. तयारी करून ठेवली होती त्यांनी.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाला न जाता गाडी आणली. पूनमसिंगने विचारलं, टेम्पोत टाकून देऊ का? अपमान गिळला.

मी लाल गाडीत, सुनीती पुढे पांढरीत. स्पोर्ट्स कार रस्त्याला धरून चालते असं वाचलं होतं. ही फारच धरते. प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालून आवाज. सुनीती दर ब्रेकरच्या पुढे थांबून मागे बघायची. कौतुकाने बघत होती.

घरी आल्यावर उतरताना थोडा वेळ लागला. आधी हात जमिनीवर टेकवायचा, मग गुडघा, मग बाकीचं. शेजारचे सदाशिवराव फाटकातून बघत होते. म्हणाले, काही पडलं का साहेब? मी म्हटलं, किल्ली.

२ फेब्रुवारी, रविवार
अंगणात दोन गाड्या मावत नाहीत. सदाशिवरावांना पांढरी हवी होती. विकून टाकली. सुनीती भाजीला गेली होती, म्हणून सरप्राइज.

आल्यावर तिने अंगणात बघितलं. मग सदाशिवरावांच्या अंगणात बघितलं. फक्त म्हणाली, डिकीत माझी छत्री होती. मी म्हटलं, आणून देतो. ती स्वतःच गेली आणि बराच वेळ तिकडेच बसली. त्यांच्या बायकोशी तिचं जमतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सुनीतीने लाल गाडीची किल्ली मागितली. मी समजावलं, स्पोर्ट्स कारला वेगळा हात लागतो. मी स्वतः सोडतो तुला पांढरकवड्याला. संकल्प: दर गुरुवारी सासूबाईंकडे सहकुटुंब ड्राइव्ह. कंबर आता बरी आहे.

निघालो. पुढे कोळशाचा ट्रक, मागे कोळशाचा ट्रक. या गाडीतून फक्त चाकं दिसतात. सुनीती म्हणाली, आपण ट्रकवाल्याला दिसत तरी असू का? नकारात्मक विचार.

मारेगावात स्पीडब्रेकरवर गाडी टेकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, पोट मध्ये. लोकांचा प्रतिसाद मात्र उत्स्फूर्त. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं धावून आली आणि गाडी अक्षरशः उचलून घेतली. एकाने फोटो काढला. एक जण म्हणाला, काका, एवढी छोटी गाडी पोरासाठी घेतली काय? मी हसलो. मोठेपणाने.

उचलून झाल्यावर बघतो तर सुनीती एसटीत चढत होती. खिडकीतून हात हलवला. मी एकटा परत आलो. परतीचा प्रवास सुरेख, ब्रेकरच्या बाजूने मातीतून काढली. सायलेन्सरचा एक तुकडा तिकडेच राहिला असावा. आवाज आता जास्त स्पोर्टी येतो.

२० फेब्रुवारी
गाडी सुरू होत नाही. काळजीचं कारण नाही. अशा गाड्यांना विश्रांती लागते.

गॅरेजवाल्या गोविंदाने येऊन पाहिलं. तो म्हणाला, पार्ट बाहेरच्या देशातून मागवावा लागेल, आणि मागवून बसवलाच तर चालेल असं आपण लिहून देत नाही. मी म्हटलं, मी आयुष्यभर लोकांकडून लिहूनच घेत आलो. तो चहा पिऊन निघून गेला.

सुनीती सकाळीच एसटीने पांढरकवड्याला गेली. आली तेव्हा गुडघा धरून आली. दोन्ही वेळा उभ्याने प्रवास झाला म्हणाली. मी म्हटलं, व्यायाम.

११ मार्च, सकाळ
पांढरकवड्याहून शेजारणीचा फोन. सासूबाई न्हाणीत पडल्या.

मी ताबडतोब गाडीत बसलो. किल्ली फिरवली. परत फिरवली. सुनीती पर्स घेऊन दाराशी उभी. मी म्हटलं, दोन मिनिटं, इंजिन थंड आहे. सदाशिवरावांचं फाटक वाजलं. ते पांढरी गाडी काढून उभे होते. सुनीती त्यांना काही म्हणाली, ते बाजूच्या सीटवर सरकले, आणि गाडी हिनेच चालवत नेली.

फार जोरात नेली. ब्रेकरवरही हळू केली नाही.

११ मार्च, संध्याकाळ
सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागेल. सुनीती फोनवर बोलली, पण अनघाशी. मला निरोप अनघाकडून मिळाला. बायको अशा वेळी लेकीशी बोलते, हे नैसर्गिक आहे.

दिवसभर बोनेट उघडून आत बघत होतो. काही दिसलं नाही, म्हणजे बिघाड मोठा नसावा.

२९ मार्च
ऑपरेशन झालं. सासूबाई घरी आल्या. सुनीती चार दिवस तिकडे, दोन दिवस इकडे. ती येते तेव्हा माझे कपडे धुते आणि झोपते. पहिल्यासारख्या गप्पा होत नाहीत. उन्हाळा आहे.

गाडीवर कोळशाची धूळ बसते. लाल रंग आता मरून दिसतो. जास्त भारदस्त.

१८ एप्रिल, दुपार
आज फार महत्त्वाची घटना. नीट लिहून ठेवतो.

जेवणानंतर गाडीत जाऊन बसलो. हल्ली बसतो. स्टिअरिंग हातात धरलं की बरं वाटतं. दार ओढून घेतलं. उतरायच्या वेळी आतलं हँडल ओढलं तर ते हातातच आलं. दुसऱ्या बाजूचं आधीपासूनच नव्हतं. काचा बटणावर चालतात आणि बॅटरी मेलेली. हॉर्नही बॅटरीवर. तांड्यावर मी दोन्ही दारं व्यवस्थित उघडून पाहिली होती. बाहेरून. आतून बघा असं एकाही व्हिडिओत नव्हतं.

ऊन मरणाचं. काच ठोकली. सुनीती कपडे वाळत घालायला बाहेर आलेली. तिने पाहिलं. मी खूण केली, दार उघड. तिने बादली खाली ठेवली, जवळ आली, हँडलला हात लावला. मग हात काढून घेतला. ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची आणून काचेपाशी ठेवली आणि बसली.

आणि बोलायला लागली.

या गाडीचं साउंडप्रूफिंग मानलं पाहिजे. एक शब्द आत आला नाही. नुसते ओठ दिसत होते. शांतपणे बोलत होती, हातवारे नाहीत. मध्येच सदाशिवरावांच्या घराकडे बोट केलं. मध्येच आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नसेल. बोलली असेल तर आठवत नाही. बहुधा माफी मागत होती. घरात वेळ देता येत नाही, याबद्दल.

माझ्या अंगातून घामाच्या धारा. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि थांबली. उत्तराची वाट बघत होती हे कळलं. मी जोरजोरात मान हलवली, म्हणजे कळलं, पण आधी दार उघड. तिने परत विचारलं. मी परत मान हलवली. दोन्ही हात जोडले.

तिने दार उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अंगणात धूळ फार झाली आहे.

रांगत बाहेर आलो. तिने तांब्या भरून पाणी दिलं. फार छान वाटलं. संबंध सुधारले आहेत.

२० एप्रिल, रविवार
सकाळी उठून बघतो तर दोन बॅगा, तिची शिलाई मशीन आणि तुळशीची कुंडी ओट्यावर. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, तुम्हाला परवा सांगितलं ना. आईला आता एकटं ठेवता येत नाही. मी तिकडेच राहणार. दोनदा विचारलं तुम्हाला. दोन्हीदा मान हलवलीत.

मी म्हटलं, आणखी काय काय विचारलं होतं? ती म्हणाली, ऐकू येत नव्हतं, असं नका सांगू. ऐकू तर तुम्हाला इतकी वर्षं कधी आलं नाही.

पण आवाजात राग नव्हता. उलट हलकी झाल्यासारखी दिसत होती. कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा ते सांगितलं. सदाशिवरावांनी सामान चढवलं. कुंडी तिने मांडीवर घेतली.

तात्पुरती व्यवस्था आहे. मी मंजुरी दिलेली आहे.

४ मे
भात लागला. वरण झालं नाही. अनघाला फोन केला, तुझ्या आईला म्हणावं, तिची काळजी वाटते. ती म्हणाली, बाबा, मग तिला जाऊन विचारा ना, मला काय सांगता. मुद्दा बरोबर आहे. माझ्याही मनात हाच विचार होता.

संकल्प: रविवारी जाऊन तिला घेऊन यायचं. समजावण्याचे सगळे मुद्दे तयार.

११ मे, रविवार, दुपार. पांढरकवडा बसस्टँड
अक्षर नीट येत नाही, वही मांडीवर आहे.

सकाळच्या एसटीने आलो. सासूबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. मला बघून म्हणाल्या, अगं सुनीती, जावई आले. चांगलं स्वागत झालं. सुनीती तिथे गल्लीतल्या दोन मुलींना मशीन शिकवते. तुळस बाहेर ओट्यावर छान फुटली आहे. तिने मला जेवायला वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी. मी मुद्दे काढणार होतो, पण तोंडात घास होता.

मग म्हटलं, चल. ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, घरी. ती म्हणाली, घरीच आहे मी. मी म्हटलं, मी गाडी विकून टाकतो. ती म्हणाली, ठेवा हो. तुम्हाला आवडते. इतक्या प्रेमाने म्हणाली की पुढचा मुद्दाच आठवेना. नंतर म्हणाली, येत जा अधूनमधून. पुढच्या वेळी बोलायला या, न्यायला नका येऊ. काय फरक, ते विचारायचं राहिलं.

निघताना तिने डबा दिला, रात्रीसाठी. स्टँडपर्यंत सोबत आली नाही. मशीनवर मुलगी थांबली होती.

बस लागली आहे. खिडकीची जागा मिळाली. बाजूच्या सीटवर रुमाल टाकून ठेवला आहे. ऐनवेळी तिचा विचार बदलू शकतो. ती गर्दीत उभी राहू शकत नाही, गुडघा आहे तिचा. कंडक्टरने विचारलं, कोणी येऊन राह्यलं काय? मी हो म्हटलं.

करंजी
बस भरली. एक म्हातारी कधीची दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणाला, काका, तुमची मंडळी तर आली नाही, बसू द्या ना बाईले. मी रुमाल उचलला.