न फोडलेलं पाकीट

ताई,

तुझा बिनकामाचा भाऊ विद्यापीठात शिपाई आहे, आणि यंदा त्याच्यामुळे एक वर्ग वाचला.

इथे हुशार मुलांसाठी शिष्यवृत्तीचा खास वर्ग चालतो. चाळीस निवडले, आले अठराच. पुरेशा जागा भरल्या नाहीत तर वर्ग बंद, दोन प्राध्यापक घरी. वर्ग चालवणाऱ्या मॅडम डोकं धरून बसल्या होत्या.

मी म्हणालो, "मॅडम, निवड झाल्याचं तुमचं पाकीट जप्तीच्या नोटिशीसारखं दिसतं. आमच्यासारख्या घरात ते कुणी फोडत नाही."

"तुला रे काय ठाऊक?"

"मीच एक लपवलं होतं. बहिणीच्या नावाचं."

 त्यांनी फोनच माझ्यापुढे सरकवला. मी बावीस घरी फोन केले: "घाबरू नका, लेकराला बोलावलंय, फी माफ आहे." एकोणीस आली. आता पाकिटावर माझंच वाक्य छापतात, 'आनंदाची बातमी आहे, उघडा.' सातवी नापास माणसाचं वाक्य, ताई!

मी लपवलेलं ते पाकीट तुझं होतं. जप्तीची नोटीस समजून, बाबांना धक्का बसेल म्हणून मी ते न फोडताच चुलीत घातलं. तू बोलावण्याची वाट बघून शिवणकामाला लागलीस.

परक्या बावीस घरांशी बोलताना जीभ अडखळली नाही. तुझा नंबर मात्र अजून लावलेला नाही.

तुझाच,
धाकटा