आत्याची चार ते पाचची खुर्ची

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण टेबल आणि भिंत यांच्यामध्ये तेवढी जागा नाही.) तुझी पाठ कशी आहे? परवा फोनवर म्हणालीस की हल्ली दुपारी चारला डोळे मिटतात ते थेट पाचला उघडतात आणि उठल्यावर पाठ अशी अवघडलेली असते की तासभर लाकडी खुर्चीवर ताठ बसल्यासारखं वाटतं. तुझ्या डॉक्टरांनी दुपारची झोप सोडून त्या वेळात फिरायला जा म्हणून सांगितलं आहे आणि सोमवारपासून तू जाणारही आहेस. या पाठीबद्दल मला जरा बोलायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागून यावं लागेल. (मी सरळ मुद्द्यावर कधी आलो आहे म्हणा.)

माझं काम तुला माहीत आहे. आमच्या कंपनीची लिफ्ट कुठेही बंद पडली की आत अडकलेल्या माणसाचा फोन माझ्या घरी येतो आणि मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्याच्याशी संथ आवाजात बोलत राहतो. चार ते पाच पाळी बदलते, त्या तासात लाइनवर मी एकटाच. तुझी भावजय लॅबमधून सहाला येते. आणि नेमक्या त्याच तासात आमची भिंगरी शाळेतून येऊन अभ्यासाला बसते. 'बसते' असं आपलं म्हणायचं. तिचा एडीएचडी हा हट्ट नव्हे, लाडावणं नव्हे, हे मला पुरतं पटलेलं आहे. पण ती पाटी, पट्टी आणि शेजाऱ्यांचं मांजर घेऊन माझ्या टेबलावर चढते, तेव्हा कुणीतरी गृहस्थ चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये असतात, त्यांना हे कसं पटवायचं? गेल्या महिन्यात दूध उतू चाललं म्हणून मी अर्धं मिनिट उठलो. तेवढ्यात तिने हेडफोन घालून एका बाईंना सगळी बटणं एकदम दाबायला सांगितली. बाईंनी दाबली. साहेबांनी मला बजावलं आहे की पुन्हा असं झालं तर ही नोकरी गेली म्हणून समजा.

मग समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अशा मुलांच्या शेजारी कुणीतरी नुसतं बसलं तरी पुरतं. शिकवायचं नाही, ओरडायचं नाही, बसायचं. घराण्यात असं आणखी कुणी आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो. (माझा पाय एवढा हलत होता की त्यांच्या टेबलावरची पेनं घरंगळून खाली पडली.) आता चार वाजता बसायला माणूस आणायचं कुठून? तेव्हा मी तुझा इथे राहिलेला तपकिरी स्वेटर स्वयंपाकघरातल्या खुर्चीला घातला, खुर्ची तिच्या टेबलाशी लावली आणि म्हटलं, ही घे आत्या. थट्टाच होती गं.

ताई, त्या दिवशी चार ते पाच घरात आवाज नव्हता. मला तिचे आवाज पाठ आहेत. गुणगुणणं, पेन्सिलीचा ठोका, कपाटाचं दार, यांवरून ती कुठे आहे ते मला न बघता कळतं. पहिल्यांदाच काही कळेना. मी एका अडकलेल्या आजोबांना धीर देत होतो आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. दारातून डोकावलो तर भिंगरी खाली मान घालून वजाबाक्या करत होती. पाचला घड्याळ वाजलं, तशी उठून नेहमीसारखी सोफ्यावरून उड्या मारायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी स्वेटर धुवायला टाकला होता, खुर्ची उघडी. तरी ती बसली. पाचनंतर मी खुर्चीला सहज हात लावला तर ती गरम होती. मी तो हात खिशात घालून संध्याकाळभर तसाच फिरलो.

मग एका बाईंचा फोन आला. पाचेक मिनिटं बोलल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्यामागे कुणी चुकचुकलं का? मी म्हटलं, लिफ्टच्या केबलचा आवाज असेल. (त्यांच्या जिवाला घोर लागेल, हे तेव्हा सुचलं नाही.) आत जाऊन पाहिलं तर भिंगरी हातचा विसरलेली बेरीज खोडत होती. तुला आठवतं, मी चौथीत असताना तू रोज माझ्या शेजारी बसायचीस. एक अक्षर बोलायची नाहीस, फक्त गणित चुकलं की 'चक्' करायचीस. एवढं असूनही मी समुपदेशक बाईंना घराण्यात असं कुणी नाही म्हणून सांगितलं होतं.

गेल्या गुरुवारी खुर्ची होती, स्वेटरही होता, पण चारपासून भिंगरी कपाटावर. मी हेडफोनसकट कपाटाखाली हात पसरून उभा राहिलो आणि वर जाऊन विचारण्याची सोय नसल्याने खालूनच विचारलं की अभ्यासाचं काय?

ती म्हणाली, "आज आत्या आलीच नाही."

रात्री तुझा फोन आला. तू सांगितलंस की दाढ काढायला गेले होते, चारचीच वेळ मिळाली, झोप बुडाली. दुसऱ्या दिवशी भिंगरीला विचारलं, आत्या तुझ्याशी काय बोलते? "ती बोलत नाही. म्हणून तर मला बसता येतं. तू फार बोलतोस, बाबा." मला वाईट वाटलं, आणि तुझा थोडा हेवाही वाटला.

बाकी सर्व क्षेम. दाढेची काळजी घे.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारपासून फिरायला जाऊ नकोस. जायचंच तर सकाळी जा. चार ते पाच कृपा करून झोप. वरचं सगळं खुळचटपणाचं वाटलं तर पत्र फाडून टाक, पण झोप.

ता. क. आज मला सुट्टी आहे. चारला भिंगरीसमोर बसून हे पत्र लिहायला घेतलं आणि पाच वाजेपर्यंत एकदाही उठलो नाही. असं मला शेवटचं कधी जमलं होतं ते तुलाच माहीत. 'साष्टांग' लिहिताना मी चुकलो होतो, तेव्हा उजवीकडून आवाज आला. खोडून नीट केलं आहे.

ता. क. उद्यापासून खुर्चीवर मऊ उशी ठेवतो आहे. पाठ कशी आहे ते कळव.