लाल झाकणाचा डबा

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

पाच गोळ्या, पाचही भोकं अडतीस मिलिमीटरच्या आत! शंभर मीटरवरून. कागदावर व्हर्नियर ठेवून तीनदा मोजलं. क्लबचे दत्तप्रसाद सर म्हणाले, "हुस्ना, परत मोज." परत अडतीस.

रायफल अबू नासिर यांची. शिकारीची, जुन्या घडणीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालचा लिव्हर ओढला की ठोकळा खाली सरकतो, काडतूस हाताने आत ढकलायचं, लिव्हर वर. कॅलिबर जुनं फौजी — थ्री-नॉट-थ्री. विकतच्या काडतुसांनी हीच रायफल सत्तरच्या आत येत नाही. अडतीस येतात ते अब्बांच्या हाताने भरलेल्या काडतुसांनी.

अबू नासिर रिफायनरीतून रिटायर झालेले, सत्तरीचे. कागद बघून अब्बांच्या पाठीवर थाप मारली. "रहीम भाई, आज बंदूक जवान हो गया. हम बुड्ढा का बुड्ढा."

अब्बा नुसते हसले आणि खाली वाकून रिकाम्या केसेस, उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, गोळा करायला लागले. त्या ते दुसऱ्या कुणाला उचलू देत नाहीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कालचं रजिस्टर नीट उतरवून काढलं. तारीख, तापमान, वारा, ग्रुप म्हणजे भोकांचा पसारा, शेवटचा रकाना — काडतूस भरणारे. तिथे मी पूर्ण लिहिते: रहिमतुल्ला. आर्मरीतले बाकीचे "आर. यू." लिहायचे. मी पूर्ण लिहिते.

अब्बा सातवी शिकले. इथे आखातात आल्यावर सित्र्यात बावीस वर्षं लेथवर, मग सहा वर्षं क्लबच्या आर्मरीत. मी श्रीवर्धनला कॉलेज करून, बी.एस्सी. संख्याशास्त्र घेऊन इथे आले, क्लबात रेकॉर्ड्सला लागले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. अम्मी शेजारच्या बायकांना सांगते, "हुस्ना बंदुकांचा हिशोब ठेवते." त्या घाबरतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

लोडिंग रूम. दर गुरुवारी दुपारी अब्बा मला शिकवतात. उडालेली केस घ्यायची. फक्त मान थोडी आवळायची, बाकी अंगाला हात लावायचा नाही, कारण ती केस एकदा ह्याच रायफलीत फुलून तिच्या मापाची झालेली असते. मग बुडात ठिणगीची नवी टोपी. मग तराजूवर तोललेली दारू. वर गोळी. मॅगझीन नसल्यामुळे गोळी जरा पुढे ठेवता येते, अगदी नळीच्या आट्यांजवळ. अब्बा म्हणतात, "दाराशी उभी कर तिला. आतून हाक आली की लगेच निघाली पाहिजे."

दोन सारखे डबे. लाल झाकणाचा अब्बांचा, केसच्या बुडावर मार्करने १ ते २०. निळ्या झाकणाचा माझा, २१ ते ४०. माझी काडतुसं मोजायची नसतात. पुसलेल्या नळीतून पहिल्या चार-पाच गोळ्या कुठेही जातात, त्या नळी गरम करायला लागतात. त्या माझ्या.

मला त्याचं काही वाटत नाही. खरंच नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बावन्न. वारा नव्हता.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

एकसष्ट. त्यातली एक गोळी एकटीच वर गेली. अबू नासिर म्हणाले, "मेरा हाथ हिला." नव्हता हलला. मी दुर्बिणीतून बघत होते.

मग गाडीने घरी निघालो. उम्म अल हस्समच्या सिग्नलला मी म्हटलं, "डबा गाडीत उन्हात राहिला असेल. दारू तापली की गोळी वर जाते, तुम्हीच सांगितलं होतं."

"नव्हता राहिला."

"मग केसेस जुन्या झाल्या असतील."

"हिरवा झालाय, यल्ला, चल." सिग्नल खरंच हिरवा झाला होता. गाडी मी चालवत होते. गेला महिनाभर मीच चालवते — मला सराव हवा म्हणून.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दत्तप्रसाद सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते क्लबचे सेक्रेटरी, मूळचे पुण्याचे, इंजिनियर. मराठीत बोलतात तेव्हा बातमी वाईट असते.

"कमिटीला लोडिंग रूम बंद करायची आहे. म्हणतात, विकतची काडतुसं आणा, जबाबदारी कंपनीची."

"आणि अब्बा?"

"त्यांचा व्हिसा त्या रूमवरच आहे गं. जानेवारीत संपतो."

मी म्हटलं, चाचणी घ्या. विकतची दहा, आमची दहा. कोणती कुठली हे नेम धरणाऱ्याला माहीत नको, मोजणाऱ्यालाही नको. डब्यांवर फक्त "क" आणि "ख". भरणाऱ्याचा तपशील बंद पाकिटात. संख्याशास्त्रात आम्ही हेच शिकलो!

सरांनी पेन खाली ठेवलं. "लेखी दे," म्हणाले.

दिलं. दोन पानं. इंग्रजीत एकही चूक नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अब्बांना चाचणीचं सांगितलं. वाटलं खूश होतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आजपासून दारूचा प्रत्येक चार्ज दोनदा तोलायचा. काटा मधल्या रेघेवर थांबला की मोठ्याने सांग."

"माझी तर नळी गरम करायला जाणार."

"दोनदा तोल."

वीस काडतुसं भरायला तीन तास. एकात गोळी केसाएवढी वाकडी बसली, बोट फिरवून त्यांना कळलं. उघडायला लावली. पाठ मोडली माझी. आपण किती कठोर शिक्षक आहोत हे ह्या माणसाला माहीतच नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एकोणतीस! एकोणतीस!! अब्बांना हात परत सापडला!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

एकतीस.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सत्तावीस. आजवरचा सगळ्यात लहान. पाच भोकं अशी चिकटलेली की मधे कागदच उरला नाही. मी तो कागद घरी आणला, अम्मीला दाखवला. अम्मी म्हणाली, "एवढ्या लांबून मारून एकच भोक? मग बाकीच्या कुठे गेल्या?"

अब्बा इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला.

रजिस्टरमध्ये सत्तावीससमोर रहिमतुल्ला लिहिताना जरा ठळकच लिहिलं.

बुधवार, १० डिसेंबर

अब्बांनी सरांना बंद पाकीट दिलं. आत काय ते मला ठाऊकच आहे: ख — भरणारे, रहिमतुल्ला. फॉर्म मीच टाईप केला होता. नाव त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं, मला बाहेर पाठवून. वीस मिनिटं लागली.

शुक्रवार, १२ डिसेंबर

झाली चाचणी. सकाळी नमाजच्या आधी. अबू नासिर यांनी वीस गोळ्या झाडल्या, एकेक, मधे नळी थंड करत. मोजायला कमिटीचे दोघे.

क — त्र्याहत्तर आणि अडुसष्ट.

ख — तीस आणि अठ्ठावीस.

पाकीट रविवारी मीटिंगमध्ये उघडणार, पण कुणाला कळायचं राहिलंय! अबू नासिर माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, खलास. तेरा बाप इधर ही रहेगा."

अब्बांनी खांदा दुखतो म्हणत पहिल्यांदाच मला सांगितलं, "केसेस तू उचल." मग म्हणाले, "आत्ता नको, नमाजनंतर." आणि गेले.

तोच दिवस, संध्याकाळ



ते मशिदीत असतानाच मी केसेस उचलल्या. सरांच्या टेबलावर ठेवायला एक छान ओळ मांडावी म्हणून नंबरवारीने लावायला बसले. बूड वर केलं. २३. पुढची ३१. मग २७. ४०. दहाच्या दहा तपासल्या. वीसच्या खालचा एकही नंबर नाही.

"ख"ची दहा काढली त्या लाल झाकणाच्या डब्यात माझी काडतुसं होती.

अब्बा आले तेव्हा मी दोन्ही डबे समोर ठेवून बसले होते. त्यांनी टोपी खिशात ठेवली, खुर्ची ओढली.

"झाकणं बदलली मी. सहा नोव्हेंबरपासून."

"म्हणजे एकोणतीस, सत्तावीस..."

"तुझी."

"आणि तुमची? नळी गरम करायला?"

"विकतची वापरली. माझी सगळी उघडून दारू ओतून टाकली." मग म्हणाले, "काटा मला दिसत नाही गो. रेघही दिसत नाही. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. ती एक गोळी वर गेली ना, तेव्हा कळलं. न दिसता भरलेलं काडतूस अबू नासिरच्या गालाजवळ फोडू?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता. नळी गरम करायची म्हणून कसं मजेत भरलंस."

मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर दुसरंही काहीतरी आलं. सत्तावीस माझे! पण रजिस्टरमध्ये महिनाभर, माझ्या अक्षरात, खोटं नाव आहे. लिहिताना मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. रविवारी कमिटी त्याच नावावर व्हिसा देणार.

"मी काय करू, अब्बा?"

"रजिस्टर तुझं आहे."

एवढंच. आणि केसेस पुसायला घेतल्या.

शनिवार, १३ डिसेंबर

दिवसभर दोन बाजूंनी विचार केला. गप्प बसले तर अब्बा राहतात. पण मग पुढचा सत्तावीस कोण भरणार, आणि कुणाच्या नावाने? आणि पुढच्या वेळी आकडा वाईट आला की तोही मी बदलेन का? ज्या चाचणीची दोन पानं मी एवढ्या तोऱ्यात लिहिली, तिचा अर्थच काय.

खरं सांगितलं तर जानेवारीत ते जातात. अम्मीही. माझ्यामुळे.

उद्या मीटिंगच्या आधी जाऊन सांगणार. रजिस्टर घेऊन. अम्मीला सांगितलं नाही. अब्बांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.

रविवार, १४ डिसेंबर

सांगितलं. उभ्यानेच. सरांनी पाकीट माझ्यासमोर फोडलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मोठाली, ओळ सोडून गेलेली अक्षरं, अब्बांची: ख — भरणारी, हुस्ना रहिमतुल्ला. खाली माझ्या फॉर्ममध्ये नसलेला एक रकाना, पट्टीने आखलेला: शिकवणारा. त्यापुढे सही, तारीख १० डिसेंबर, आणि एक ओळ — "मला काटा दिसत नाही. रूम चालू ठेवायची असेल तर तिच्या नावावर ठेवा. मी डोळे करायला गावी जातो."

सगळ्या कागदांत खोटं नाव एकाच ठिकाणी होतं: माझ्या काखेतल्या रजिस्टरमध्ये.