सई माझ्यापाशीच राहणार

मंगळवार, माकणी. दिवेलागण.

आज निकाल लागला. घटस्फोट मिळाला, आणि माझी सहा वर्षांची सई माझ्यापाशीच राहणार. लिहितानाही हसू येतंय.

पण मन सारखं मागच्या तारखेकडं जातंय. सरकारी मदतीतून फुकट मिळालेल्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, "ताई, जजसाहेबांनी विचारलं तर तुम्हीच बोला." साहेबांनी विचारलंच, परत नांदायला का जायचं नाही म्हणून. मी म्हणाले, "साहेब, नवऱ्यानं हात मोडला तेव्हा मी दवाखान्यात जिन्यावरून पडले असं सांगितलं. ते खोटं होतं." आवाज कापला नाही. तोंडातून शब्द तरी फुटंल का, असं वाटत होतं. पण खरंच कापला नाही.

आज कोर्टाबाहेर नवऱ्याचे मामा आमच्या अण्णांना म्हणाले, "पोरीला समजवा, पावणं. आमी अजून बी नांदवून घेऊ." मी अण्णांकडं बघितलं. हात मोडल्यावरही मला परत सासरी पोचवणारे वडील हेच की! आता काय बोलतील?

अण्णा म्हणाले, "लई समजावलं म्या तिला. माझंच चुकलं. आता म्या तिचं ऐकतो."

कोर्टात एकदाही रडले नव्हते, तिथं मात्र रडले.

घरी येताच अण्णांनी दारातूनच आईला ओरडून सांगितलं, "आपली पोरगी जिंकली गं!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. ऐकू दे.