मनगटावरची निळी अक्षरं

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज मुलाखतीत मी त्या पोरीचं नाव कापलं. अँब्युलन्सवरच्या नोकरीसाठी ती शिरूर अनंतपाळहून आली होती, पाण्याच्या टँकरची पाळी सोडून. सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर तिनं दिलेला दाब सगळ्यांत बरोबर होता. पण मनगटावर निळ्या अक्षरांत गोंदलेलं, जय भीम.

माझ्यासोबत मुलाखत घेणारे डॉक्टर हसत माझ्याकडं वळले. ‘सिस्टर, पेशंटच्या नातेवाइकांना चालेल का हे? तुम्हीच सांगा.’

मलाच का? आडनावावरून माझी जात त्यांना ठाऊक आहे म्हणून? मी म्हणाले, ‘हातावर गोंदलेलं नियमात बसत नाही.’ असा नियमच नाही. तिच्या आधीच्या उमेदवाराच्या मनगटावर ॐ होता. त्याला आम्ही घेतलं.

ती निळी अक्षरं डोळ्यांपुढून हलंनात.

मी तिला सोडायला दारापर्यंत गेले, तेव्हा माझ्या नावाचा बिल्ला वाचत ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही आपल्यातल्याच हाव ना? एक शब्द टाका की.’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘मी तुमच्यातली नाही.’

तिनं घाईघाईनं बाही खाली ओढली. ‘माफ करा मॅडम, राग मानू नका.’

मी मानेनंच जा म्हटलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं.