चार नंबरचं हसू

३ फेब्रुवारी १९३४, शनिवार

आजपासून रोजनिशी. सोलापुरातला एकमेव कलकत्ता-पास डेंटिस्ट दिवस कसा घालवतो, हे लिहून ठेवलेलं बरं. वाचणार कोणी नाही, तरी अक्षर चांगलं काढतो आहे.

सकाळी माढ्याचे आबासाहेब आले. मोठे बागाईतदार. सोबत पत्नी रंभाबाई आणि मुलगी बना. बनाला पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार. वरच्या ओळीत डावीकडे दातावर दात. मी कंपास लावून मोजलं. पावणेदोन मिलिमीटर बाहेर! अशी सुंदर केस सहा महिन्यांत आली नव्हती. म्हणालो, हा उपटू, जागी सरळ दात बसवू, मग मुलीचं हसणं सायंटिफिक होईल. आबासाहेब राजी. रंभाबाई मात्र ताडकन उठल्या. चांगला धडधाकट दात उपटायचा? दुकतोय का त्यो? मी म्हणालो, बाई, प्रश्न दुखण्याचा नाही, सौंदर्याचा आहे. त्या म्हणाल्या, मग ऱ्हाऊ द्या की.

निरक्षर मत. पण आबासाहेबांनी लगेच टोपी उचलली. महिनाभराची मुदत मागून गेले.

संकल्प: ही केस सोडायची नाही. आज बना, उद्या अख्खा माढा तालुका आपल्या खुर्चीत.

५ फेब्रुवारी

लोक म्हणतात, अमकी गोड हसते. गोड हे काही माप नाही. हसू पाहावं डेंटिस्टने. दोन्ही बाजू सारख्या, मधली रेघ नाकाच्या शेंड्याखाली, हिरडी दिसली तर एक मिलिमीटर. सामान्य माणसाला हे दिसत नाही, पण समोर मांडलं तर पटेलच.

दुपारी जेवताना युक्ती सुचली. चार तोंडांचे फोटो. फक्त ओठ आणि दात. नाक-डोळे कापून टाकायचे, म्हणजे ओळखदेख मध्ये येणार नाही. माणिक चौकात सोमलिंग फोटोग्राफरच्या दुकानाबाहेर लावायचे, खाली चार डबे. ज्याला जे हसू आवडेल त्या डब्यात त्याने एक चिंचोका टाकायचा. सोलापूरचा हा कौल रंभाबाईंपुढे ठेवायचा.

सोमलिंगला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर, लोक हसतील. मी म्हणालो, विषयच तो आहे.

९ फेब्रुवारी

फोटो झाले. नंबर एक मी स्वतः. दुसरा इतका निर्दोष नमुना गावात नाही, त्याला मी काय करणार? वरचा ओठ बरोबर ठरल्या उंचीवर धरला. सोमलिंग फोकस करत होता तोवर जबड्याला वांब आला, पण सोडलं नाही. नंबर दोन पेन्शनर धोंडीराम मास्तर. कवळी माझ्या हातची. नंबर तीन काशम्मा भाजीवाली, पुढचे दोन दात गेलेले. वाईटही काही दाखवायला हवं.

नंबर चारसाठी दातावर दात हवा होता. तो आमच्या घरातच आहे. मथुरा, माझी पत्नी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी तिला तो दोष तिच्याच भल्यासाठी समजावून सांगितला होता. सहा वर्षं झाली. तेव्हापासून हसताना ती तोंडाला पदर लावते. तिला शास्त्राची कदर आहे, याचा हा पुरावा.

फोटोला आधी नाही म्हणाली. सदोष नमुना म्हणून, नाव येणार नाही, असं समजावल्यावर आली. हसावं कसं हे मी तिला करून दाखवत होतो. मान ताठ, ओठ सावकाश वर. तेवढ्यात माझ्या कॉलरचं बटण तुटून सोमलिंगच्या कपाळावर बसलं. मथुरा हसली. पदर धरायचं राहून गेलं आणि सोमलिंगने तेवढ्यात कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला. मी म्हणालो, हा धरू नका, तयारी नव्हती. तो म्हणाला, प्लेट संपली.

असो. सदोष ते सदोष.

२२ फेब्रुवारी, दुपार

हुबळीच्या डॉ. हिरेमठांचं उत्तर. कॉलेजात माझ्याबरोबर होते. कुणाचा कुठला फोटो ते न कळवता चारही पाठवले होते. त्यांचा क्रम एक, दोन, चार, तीन. माझाही हाच! हुबळी आणि सोलापूर, दोन डेंटिस्ट, एक निकाल. ह्याला म्हणतात शास्त्र.

ताजा कलम लिहिलाय: नंबर एकची मधली रेघ अर्धा मिलिमीटर डावीकडे आहे.

सायंकाळ

चार वेळा मोजली. पाव मिलिमीटर. हिरेमठांची नजर अधू होत चालली असावी.

४ मार्च, रविवार

फोटो लागले. मिलला सुटी, त्यामुळे ही गर्दी! लोकांचं खरं मत ऐकावं म्हणून फेटा बांधून त्यांच्यातच उभा राहिलो. कोणी ओळखलं नाही. सोमलिंग म्हणतो, सगळ्यांनी ओळखलं.

एक टांगेवाला नंबर एकपुढे बराच वेळ थांबला. मला बरं वाटलं. मग शेजाऱ्याला विचारतो, ये हसरा क्या काटरा? म्हणजे, हसतोय की चावतोय! दोन विणकर बाया नंबर चारकडे बोट करून तेलुगूत बोलत होत्या. तेलुगू मला येत नाही. चर्चा दोषाविषयीच असणार. एका गृहस्थाला मी मधली रेघ, सिमेट्री, सगळं समजावलं. पाऊण तास ऐकून घेतलं त्याने. व्हय, व्हय म्हणाला आणि चिंचोका चार नंबरात टाकून गेला. नंबर चुकला असेल.

नंबर एकमध्ये एक चिंचोका मी टाकला. डब्याचा आवाज कसा येतो ते पाहायला.

११ मार्च, रविवार

निकाल. आबासाहेब, रंभाबाई आणि बना मुद्दाम माढ्याहून आले होते. मी मथुरेलाही नेलं. नवऱ्याचं यश तिनेही पाहावं.

सोमलिंगने डबे ओतले. नंबर चार: दोनशे तेरा. नंबर तीन, म्हणजे काशम्मा: एकशे चाळीस. धोंडीराम मास्तर: एकतीस. नंबर एक: सहा. आणि एक लवंग.

लवंग कशाला, मला कळेना. सोमलिंग खाली बघत म्हणाला, ह्या माणसाचा दात दुखतोय असं कुणाला तरी वाटलं असेल.

काशम्माने वांगी वाटून मतं मिळवली, असा मी उघड संशय व्यक्त केला. ती म्हणाली, वांगी वाटली असती तर चार नंबरला हरवलं नसतं का?

मग रंभाबाईंनी विचारलं, चार नंबर कुनाचा? सोमलिंग बोलून गेला. रंभाबाईंनी मथुरेची हनुवटी धरली, उजेडाकडे तोंड वळवलं, नि मला म्हणाल्या, ह्यो दात सोताच्या घरात ठिवलाय, आन माज्या लेकीचा उपटाय निघाला व्हय?

चौक हसला. बना हसली. मथुराही हसली. तिचे दोन्ही हात आता रंभाबाईंनी धरले होते, पदर कुठून धरणार?

भर उजेडात मी ते हसू सहा वर्षांनी पुरतं पाहिलं. निरीक्षण असं: वरचा ओठ त्या दाताशी जरा अडतो, मग एकदम सुटतो. पुस्तकात हे कुठे नाही. केवळ शास्त्र म्हणून लिहून ठेवतो.

१२ मार्च

प्रयोगात चूक होती. चिंचोके हलके. शिवाय मतदार अशिक्षित.

मथुरेने सकाळी विचारलं, मग माझा दात तुम्हाला कसा दिसतो? मी म्हणालो, डेंटिस्ट म्हणून विचारतेस की कसं? ती म्हणाली, काही नाही, चहा घ्या.

१४ मार्च

तिला सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. मधली रेघ वगैरे त्यात काही नव्हतं.

२ एप्रिल, सोमवार

बनाचं लग्न ठरलं. दातासकट. आबासाहेब पेढे घेऊन आले. त्यांचे वरचे दात केव्हाच पडलेत, आता त्यांनाच वरची कवळी हवी आहे. पण साधी नको. चार नंबरसारखी, दातावर दात असलेली. म्हणाले, लेकीच्या लग्नात मी पन जरा ग्वाड दिसावं की.

तत्त्वासाठी मी साफ नकार दिला. वाकडा दात सरळ करणं माझं काम, सरळ दात वाकडा करणं नव्हे. ते टोपी घालून उठले. मग विचार केला, प्रयोग म्हणून करायला हरकत नाही.

१८ एप्रिल

कवळी तीनदा मोडून केली. दात कंपासाने बरोबर पावणेदोन मिलिमीटर बाहेर. मथुरेने पाहिली, म्हणाली, हा मुद्दाम वाकडा दिसतो. चौथ्यांदा ती शेजारी बसली. कानस मी चालवत होतो, थांबा कधी ते ती सांगत होती. कसं कळतं, विचारलं. म्हणाली, बघून.

बघून! असल्या पद्धतीवर विश्वास ठेवता येत नाही. कवळी मात्र चांगली झाली.

२३ एप्रिल, सोमवार

आबासाहेबांना कवळी बसवली. रंभाबाईंनी बजावून ठेवलं होतं, डॉक्टरीनबाईंनी पास केल्याबिगर घ्यायची न्हाय. मथुरा म्हणाली, हसल्याशिवाय कळायचं नाही, ह्यांना हसवा. मी कॉलेजातला एक विनोद सांगितला, हिरडीचा. आबासाहेब गंभीर. मग म्हणालो, माझ्याकडे बघा, असं हसायचं. आणि नंबर एकचं हसू करून दाखवलं.

आबासाहेब एवढे हसले की कवळी सुटून पिकदाणीत पडली. रंभाबाई भिंतीला धरून हसत होत्या. मथुरा तर हसून हसून खालीच बसली.

कवळी धुऊन तपासली. दाताला कुठे चीर नाही. काम पक्कं आहे.